दारावरचे दहा सेकंद

"मैडम, सर्वर स्लो है." या चार शब्दांपायी माझी सत्तावीस वर्षं गेली. प्रिंटरमधला कागद संपला, सर्वर स्लो. वीज गेली, सर्वर स्लो. एका कारखान्यातल्या बाबूंनी की-बोर्डवर डब्याचं झाकण ठेवलं होतं, त्याखाली एक बटण दाबलं जाऊन पडद्यावर भराभर एकच अक्षर उमटत होतं, तरी त्यांचा फोन हाच. असे फोन ऐकून ऐकून माझं उत्तरही ठरून गेलं होतं. "सर्वर ठीक है, भैया. आप देखिए, आपके यहाँ क्या है." आणि सांगायला हरकत नाही, दहापैकी नऊ वेळा मीच बरोबर निघायची. माझ्या स्वभावाचं जे काही वाटोळं झालं ते त्या नऊ वेळांनी केलं.

मी डेटाबेस सांभाळायची. म्हणजे काय करायची, हे मी सासूबाईंना अकोल्याला गेले की दर सुट्टीत समजावून सांगितलं, आणि दर सुट्टीत त्यांनी शेजारणीला "सूनबाई कॉम्प्युटरात काहीतरी करते" एवढंच सांगितलं. तेव्हा पुन्हा एकदा सांगते. रुग्णालय असो, कारखाना असो, त्यांची सगळी माहिती एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये नीट रचून ठेवलेली असते. बाकीचे कॉम्प्युटर त्याला विचारतात, "या पेशंटचा मागचा केसपेपर दे." त्याने तो चटकन द्यावा, चुकीचा देऊ नये आणि हरवू तर मुळीच नये, हे बघायचं काम माझं. काम चांगलं चाललं की तुम्ही अस्तित्वात आहात हे कोणाला आठवतसुद्धा नाही. बिघडलं की तुमचा नंबर सगळ्यांना पाठ.

नवऱ्याची विमा कंपनीतली बदली तीन वर्षांसाठी म्हणून आम्ही जयपूरला आलो आणि इथलेच झालो. मुरलीपुऱ्यात घर घेतलं. त्यातल्या एका खोलीत टेबल मांडून मी चार-सहा गिऱ्हाइकांची कामं बघायला लागले. बहुतेक कामं घरबसल्या व्हायची. मुलगी लहानपणी विचारायची, "आई, मतलब तू फोनवर ओरडते आणि त्यांचं मशीन ठीक होऊन जातं?" तिच्या मराठीला मी हसायची, पण तिने वर्णन अगदी अचूक केलं होतं.

कधीमधी मात्र जावं लागे. चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या जयपुरात, रत्नांचे एक व्यापारी होते. त्यांच्या पेढीत खुर्ची नाही, सगळा व्यवहार पांढऱ्याशुभ्र गादीवर बसून. त्यांचा सर्वर दुपारी दोनच्या सुमारास रोज बंद पडायचा. मी आठवडाभर घरून सगळं तपासलं, सगळं चोख. शेवटी वैतागून ई-रिक्षाने गेले, तर सर्वरही गादीवर! घरच्या माणसासारखा लोडाला टेकून बसला होता. झाकण उघडलं तर पंख्यात मूठभर कापूस. "सब यहीं बैठते हैं, मैडम," शेठजी म्हणाले, "मशीन को अकेले फ़र्श पर कैसे बिठा दें?" मी घरी येऊन हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले. प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघितल्याशिवाय काही कळत नाही, हे त्यातून शिकायला हवं होतं. मी फक्त किस्सा शिकले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

झोटवाड्यात एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. जुन्या इमारतीत नोंदणीचे पाच काउंटर. ते पाच कॉम्प्युटर आले तेव्हा मी नवी होते, उत्साही होते आणि अकोल्याची आठवण काढून रडतही होते. मी त्यांना आपल्याकडच्या नद्यांची नावं दिली. पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा, वर्धा, पैनगंगा. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटलं नाही. "मोर्णा पर भेज दो," असं ते पेशंटला बिनदिक्कत सांगायचे आणि मला फोनवर ते ऐकून उगाच बरं वाटायचं. कोणत्या नंबरचा कॉम्प्युटर म्हणजे कोणती नदी, ही यादी मी सर्वरमध्येच हाताने लिहून ठेवली होती. कोणाला आत सोडायचं याची परवानगीही नावानिशी. पूर्णाला येऊ दे, मोर्णाला येऊ दे, अशी.

मग बऱ्याच वर्षांनी रुग्णालयाने शेजारी बायका-मुलांचा नवा विभाग बांधला. तिथे तीन काउंटर. त्यांना मी नावं दिली नाहीत. नद्या संपल्या होत्या असं नाही, मला कंटाळा आला होता. नुसत्या नंबरांवर परवानगी दिली आणि मोकळी झाले.

सहा-सात महिने सगळं छान चाललं. दिवाळीनंतर तक्रार सुरू झाली. नव्या विभागात नोंदणीला वेळ लागतो, बायका रांगेत ताटकळतात, दिवस भरलेल्या बायका जमिनीवर बसतात. फोन करणारे खंडेलवालजी. रुग्णालयाचे प्रशासक, अतिशय गोड बोलणारे आणि कागदाशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारे. मी घरून तपासलं. डेटाबेस प्रत्येक कामाला किती वेळ घेतो याची नोंद ठेवतो. ती बघितली. एकूण एक काम पापणी लवायच्या आत झालेलं. जुन्या इमारतीचं काम तोच सर्वर झपाट्याने करत होता. मग नव्या इमारतीत सर्वर हळू कसा होईल? मी मेल लिहिला. सर्वर ठीक आहे, जुने काउंटर व्यवस्थित चालतात, तेव्हा नव्या विभागातल्या ऑपरेटरना प्रशिक्षणाची गरज दिसते.

शेवटचं वाक्य मी का लिहिलं? कोणी विचारलं नव्हतं. सर्वर ठीक आहे इथे थांबता आलं असतं. पण नुसतं तेवढं लिहिलं की पुन्हा फोन येतो, "फिर प्रॉब्लम क्या है, मैडम?" तो फोन टाळायला मी ते वाक्य जोडलं. स्वयंपाक व्हायचा होता.

खंडेलवालजींनी खरंच प्रशिक्षण ठेवलं. नव्या विभागातल्या मुख्य काउंटरवर संतोष कंवर नावाच्या बाई होत्या. आपल्याकडे संतोष म्हणजे पुरुष, राजस्थानात बायकांचंही नाव असतं. वय पंचेचाळिशीचं. नऊ वर्षं जुन्या इमारतीत पैनगंगेवर बसलेल्या. हात चांगला म्हणून मुद्दाम नव्या विभागात पाठवलेल्या. निम्म्या ऑपरेटरना त्यांनीच शिकवलेलं. त्या संतोषजींना वर्गात बसवून माउस कसा धरायचा ते शिकवलं गेलं. शिकवणाऱ्याने मला फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "मैडम, दिवाली के बाद से ऐसा है. पहले नहीं था." मी म्हटलं, "दिवाली के बाद सबका ऐसा ही होता है." ते मला फार चतुर वाटलं होतं.

त्यानंतर त्यांचा कॉम्प्युटर बदलला, वायर बदलली, खुर्चीसुद्धा बदलली. रांग तेवढीच. मग खंडेलवालजींचा निरोप आला की एकदा येऊन जा, काउंटरवरच्या नव्या माणसाला लॉगिन उघडून द्यायचं आहे. शुक्रवारी सकाळी मी गेले. त्यांनी फाइल समोर सरकवली. ऑपरेटर सगळे ठेकेदारामार्फत घेतलेले, ठेकेदाराला पत्र गेलं होतं. संतोष कंवर यांचं काम समाधानकारक नाही, शनिवार त्यांचा शेवटचा दिवस, सोमवारपासून दुसरी मुलगी पाठवा. आणि पत्राला पुरावा म्हणून जोडलेला माझा मेल. शेवटच्या वाक्याखाली हिरव्या शाईची रेघ.

"आपने ही तो लिखा था," खंडेलवालजी प्रेमाने म्हणाले.

मी उठले आणि नव्या विभागात गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

काउंटरपुढे वीस-पंचवीस बायका. संतोषजींनी मला खुर्ची दिली, काम थांबवलं नाही. पेशंटचं नाव इतक्या वेगाने टाइप केलं की माझी नजर मागे पडली. मग बटण दाबलं. पडदा पांढरा. त्या माझ्याकडे न बघता मोजायला लागल्या, "एक, दो, तीन..." दहा म्हटल्याबरोबर पुढचं पान उघडलं. भरलं, बटण, पुन्हा एक ते दहा. एका नोंदणीत अशी चार पानं.

"हर बार दस?" मी विचारलं.

"हर बार. न नौ, न ग्यारह. मैंने सबको बताया, मैडम."

माणूस हळू असेल तर तो कधी सात सेकंद लावील, कधी पंधरा. सर्वरवर ताण असेल तर गर्दीप्रमाणे वेळ कमी-जास्त होईल. दर वेळी नेमके दहा याचा अर्थ एकच. कोणीतरी काहीच काम करत नाहीये, नुसतं वाट बघतंय. हे मला तिथे बसल्या बसल्या, त्यांचं पुढचं पान उघडायच्या आत कळलं. फोनवर कधीही कळलं नसतं, कारण फोनवर मी ऐकतच नव्हते.

झालं होतं ते असं. आमच्यासारख्या सोसायट्यांच्या फाटकावर पहारेकरी असतो. गाडी आली की तो नंबर बघतो आणि ऑफिसला फोन लावतो, ही गाडी कोणाची? ऑफिसने नाव सांगितलं की फाटक उघडतो. डेटाबेसही तसाच. कोणी काउंटर आत यायला लागला की तो त्याचा नंबर बघतो आणि नावांची वही सांभाळणाऱ्या एका वेगळ्या कॉम्प्युटरला विचारतो, हा कोण? वहीवाला उत्तर देत असेल तर क्षणाचं काम. तो उत्तरच देत नसेल तर डेटाबेस पाच सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा पाच सेकंद थांबतो. आणि मग काय करतो? नंबर ओळखीचा आहे ना, म्हणून आत सोडतो! अरे, सोडायचंच होतं तर विचारलंस कशाला? बरं, एकदा हात पोळल्यावर लक्षात तरी ठेवावं की वहीवाला बोलत नाही, तर तेही नाही. पुढच्या खेपेला पहिल्यापासून सगळं. आणि रुग्णालयाचा प्रोग्रॅम लिहिणारा महाभाग असा, की प्रत्येक पानाला बाहेर पडून पुन्हा नव्याने दार ठोठावायचं.

मी जी वेळेची नोंद बघून ऐटीत मेल लिहिला, ती आत आल्यानंतरची होती. दाराबाहेर उभं राहिल्याचा वेळ त्यात धरलेलाच नसतो. हे मला माहीत होतं. पूर्वी एका क्लासात मी ते विद्यार्थ्यांना शिकवलंसुद्धा होतं.

जुन्या इमारतीला त्रास का नव्हता? कारण त्या नद्यांची यादी मीच सर्वरमध्ये लिहून ठेवलेली. त्याला वहीवाल्याकडे जावंच लागत नव्हतं. माझ्या जुन्या हौसेने बिघाड झाकून ठेवला होता आणि त्या झाकलेल्या बिघाडाकडे बोट दाखवून मी बाईंना नालायक ठरवलं होतं.

वहीवाला कुठे गेला ते शोधायला पाच मिनिटं लागली. रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात एक जुनाट डबा कित्येक वर्षं गुपचूप चालू होता. दिवाळीत रंगरंगोटी निघाली, कोपरे रिकामे झाले, डबा कबाड्याला गेला. स्टोअरचे रामकिशोरजी मोठ्या समाधानाने सांगत होते, "न स्क्रीन थी, न की-बोर्ड. कोई उस पर बैठता ही नहीं था, मैडम. हमने सोचा, बेकार पड़ा है." दिवाळीनंतर. बाईंनी सांगितलं होतं.

आता इथे मी जे केलं ते लिहायला हात रेंगाळतो आहे. त्या तीन काउंटरांना कसलीही तीन नावं देऊन माझ्या यादीत टाकली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण मी संतापले होते. स्वतःवर संतापलेल्या माणसाला जगाला दाखवून द्यायचं असतं. मला रोग मुळापासून उपटायचा होता, तोही आत्ताच्या आत्ता, खंडेलवालजींच्या डोळ्यांसमोर. संतोषजींना म्हटलं, "दस मिनट दीजिए, अभी ठीक करके आती हूँ." सर्वरच्या खोलीत गेले, खंडेलवालजींना शेजारी उभं केलं आणि डेटाबेसच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली. तिचा अर्थ एवढाच की यापुढे कोणाचंही नाव विचारत बसू नकोस, नंबर बघ आणि सोड. सर्वर बंद करून चालू केला.

आणि जुन्या इमारतीतले पाचही काउंटर बंद पडले.

पडणारच. पूर्णाला आत येऊ दे, असं मी लिहून ठेवलं होतं. आता तो नाव विचारतच नव्हता, तर ही पूर्णा आहे हे त्याला कळणार कसं? नवशिक्यालाही ही चूक शोभली नसती. सकाळचे अकरा, ओपीडी तुडुंब, पाच खिडक्यांवर आरडाओरडा. घाबरून मी ती ओळ काढली, सर्वर पुन्हा चालू केला. सगळं पूर्ववत व्हायला पंधरा मिनिटं गेली. पूर्ववत म्हणजे नव्या विभागाचे दहा सेकंदही पूर्ववत.

खंडेलवालजींचा गोडवा गेला. खोलीला कुलूप लावून त्यांनी किल्ली खिशात टाकली. "इतवार को ओपीडी बंद रहती है. इतवार को कीजिए. उससे पहले कोई हाथ नहीं लगाएगा."

"पर पैनगंगा वाली... संतोषजी की कल आख़िरी..."

"इतवार को, मैडम."

मी त्यांना ते पत्र मागे घ्या म्हणून विनवलं. ते म्हणाले, आधी मशीन दुरुस्त करून दाखवा, मग बोलू. त्यांचंही काय चुकलं? पंधरा मिनिटांपूर्वी मी त्यांचं रुग्णालय बंद पाडलं होतं. बाहेर पडायला दोन दारं होती. एकाच्या वाटेवर नवा विभाग लागत होता. मी दुसऱ्या दाराने गेले.

रविवारी सगळं नीट केलं. आधी नद्यांची परवानगी नंबरांवर आणली, मग ती ओळ लिहिली, मग आठही काउंटर एकेक करून तपासले. नव्या विभागाच्या काउंटरवर बसून बटण दाबलं, पान डोळ्यांसमोर उघडलं. तिथे एकटीच असूनही मला मान वर करायचा धीर होईना. सोमवारी दुपारी खंडेलवालजींचा फोन आला. आवाजात पुन्हा साखर.

"मैडम, कमाल हो गया. लड़की बदली और लाइन ख़त्म! ग्यारह बजे तक काउंटर ख़ाली."

मी सांगितलं की लाइन मुलीने संपवली नाही, मी काल दुरुस्ती केली. पहारेकरी, वही, कबाडी, सगळं सांगितलं. ते "जी, जी" करत राहिले. शेवटी म्हणाले, "हाँ, आपने भी मेहनत की." मी दोन पानांचा मेल लिहिला, चूक माझी होती असं पहिल्याच ओळीत. त्याला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र आलं. तो मेल कोणी छापला नाही, त्यावर कोणी रेघ मारली नाही. शनिवारपर्यंत रांग होती तेव्हा संतोषजी होत्या, सोमवारी त्या नव्हत्या आणि रांगही नव्हती. सगळ्या रुग्णालयाने हे आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. माझा पहिला मेल खोटा होता, आणि त्याला इतका पक्का पुरावा मीच रविवारी बसून तयार करून दिला होता.

मी त्या आठवड्यात संतोषजींच्या घरी गेले. झोटवाड्यातच, बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. त्यांनी चहा ठेवला. डोळ्यांवर नवा चष्मा होता. मी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या की दिवाळीनंतर सगळेच हळू म्हणायला लागले, तेव्हा वाटलं नजर गेली असेल. मुलाच्या कॉम्प्युटरवर रोज पहाटे उठून टायपिंगचा सरावही केला होता. "उँगलियाँ तो ठीक लगती थीं," त्या म्हणाल्या, "पर इतने लोग कह रहे थे..."

मग मी सगळं सांगितलं. या वेळी काही राखून ठेवलं नाही. मेलमधलं ते वाक्य, शुक्रवारी केलेला गोंधळ, दुसरं दार. इतर रुग्णालयांत दाखवायला उपयोगी पडेल म्हणून सहीचं पत्र नेलं होतं, तेही पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं की संतोष कंवर यांच्या कामात कसलाही दोष नव्हता, दोष यंत्रणेत होता आणि तो ओळखण्यात मी चुकले. त्यांनी चष्मा वर सरकवून ते सावकाश वाचलं, घडी घालून डब्यात ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मला वाटलं आता त्या नोकरीचं काहीतरी बोलतील.

"आप रहती कहाँ हैं, मैडम?" त्यांनी विचारलं.

"मुरलीपुरा."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"मुरलीपुरा तो यहाँ से पास ही है."

"हाँ," मी म्हटलं. "बीस मिनट."